काळी तार बॉडीला

एका पेटीने एका माणसाचा किती अपमान करावा याला काही सुमार असतो. माझ्या पेटीला तो ठाऊक नव्हता. तिने माझा केला, माझ्या बायकोचा केला, शेजारच्या मधुकररावांचा केला आणि गल्लीतल्या सोळा घरांच्या पंख्यांनाही सोडले नाही. मी बत्तीस वर्षे टॅक्सी चालवली आहे, ब्रेक नसलेली गाडी घाटातून खाली आणली आहे. पण त्या उन्हाळ्यात मला जेवढे धक्के बसले तेवढे बत्तीस वर्षांत बसले नाहीत. त्यांतला एक विजेचा होता. तो सगळ्यांत सौम्य.

पेटी घेतली ती बर्फामुळे. माझी मुलगी देवकी सावनेरला दिली. मे महिन्यातले लग्न. बर्फ घातलेले खसचे शरबत देईन, असे मी बैठकीत सगळ्यांसमोर कबूल केले होते. आठ लाद्या सांगितल्या. हातगाडीवाला वाटेत झाडाखाली जेवायला बसला आणि मांडवात आली ती आठ ओली पोती. माझे व्याही रामाजी यांनी त्यांतले एक पोते वऱ्हाडासमोर स्वतःच्या हाताने पिळले आणि विचारले, "इवाई, हे शरबत आहे का धुणं?"

तेव्हापासून सावनेरात माझे नाव 'पाणीवाले इवाई' पडले. मला काही वाटले नसते. टॅक्सीवाल्याला लोक याहून वाईट नावे ठेवतात आणि ती तोंडावर सांगतात. पण देवकी माहेरी आली तेव्हा कणीक मळता मळता, मान वर न करता म्हणाली, "चहात दूध कमी पडलं तरी मामंजी म्हणतात, पाणीवाल्याची पोर आहे, पाणीच घालंल." दोन वर्षे ती हे ऐकत होती. त्या दिवशी तिची आई, म्हणजे आमची कौशल्या, जेवली नाही. मी जेवलो, पण चव लागली नाही.

ऐंशी साली अधिक महिना आला तो ज्येष्ठात, ऐन उन्हाच्या तोंडावर. धोंड्याच्या महिन्यात जावयाला बोलावून तेहतीस अनारशांचे वाण द्यायचे असते. आमचे जावई विश्वनाथ कोळशाच्या खाणीत. त्यांना रजा मिळेना. म्हणून वाण घेऊन आम्हीच जायचे ठरले. मी रामाजींना पोस्टकार्ड टाकले : 'तेहतीस अनारसे आणि बर्फासारखी थंडगार बासुंदी घेऊन येतो.' टाकून आल्यावर कौशल्येला सांगितले.

"बर्फासारखी?" ती म्हणाली. "या उन्हात? सावनेरपर्यंत?"

"लिहून टाकलं ना आता."

"मंग पुसून टाका!"

पोस्टाच्या पेटीत पडलेले कसे पुसणार? शिवाय मी अक्षरे शिकलो ती चव्वेचाळिसाव्या वर्षी, शाळेच्या ओसरीवर, दिवसभर गाडी चालवून आल्यावर. जो लहानपणी शिकतो तो लिहून विसरतो. माझ्यासारखा उशिरा शिकलेला माणूस जे लिहितो ते पाळतो, आणि दुसऱ्याने लिहिलेले सगळे खरे मानतो. या दुसऱ्या गोष्टीमुळेच पुढचे सारे घडले.

आमच्या नागपूरच्या लकडगंजात एका जुन्या सामानाच्या दुकानात मला ती पेटी दिसली. कुठल्याशा कारखान्यात यंत्रे बसवायला आलेला परदेशी इंजिनिअर मायदेशी जाताना विकून गेलेली. मोठ्या ट्रंकेएवढी, निळ्या झाकणाची, खाली बोटभर पंखा, समोर एक लाल दिवा आणि मागे दोन तारा : एक लाल, एक काळी. दुकानदार म्हणाला, "गाडीत ठेवायचा फ्रिज आहे. बॅटरीवर चालते." सोबत एक पुस्तिका होती. मी मोठ्या हौसेने उघडली. अक्षरे होती, ओळी होत्या, आकृत्याही होत्या. पण एक शब्द लागेल तर शपथ. मला वाटत होते की एकदा शिकलो म्हणजे अक्षरे संपली.

पेटी घरी आली तशी गल्ली आली. सर्वांत पुढे मधुकरराव. हे निवृत्त हेडक्लार्क. त्यांचे अक्षर इतके सुंदर की त्यांनी लिहिलेली धोब्याची यादीसुद्धा मी एकदा उभे राहून वाचली होती. त्यांनी पुस्तिका उलटसुलट पाहिली आणि म्हणाले, "नत्थूजी, ही बारा व्होल्टची आहे. घरच्या विजेवर तपासायची तर मध्ये ट्रान्सफॉर्मर हवा. माझ्या जुन्या रेडिओचा आहे."

त्यांनी तो आणला, जोडला, बटण दाबले. लाल दिवा लागला. मी कौतुकाने झाकणावर हात ठेवला आणि पुढच्या क्षणी ज्वारीच्या कोठीला टेकून बसलेलो होतो. आपण इथे कसे आलो ते मला कळेना.

"काय झालं वं बाई यायले?" म्हणत कौशल्येने काय झाले ते पाहायला झाकणाला हात लावला. ती माझ्याशेजारी येऊन बसली.

मधुकरराव शांतपणे म्हणाले, "अशक्य. बारा व्होल्टने माणसाला काही होत नाही. विजेची परीक्षा नेहमी हाताच्या मागच्या बाजूने करावी." आणि त्यांनी शास्त्रोक्त पद्धतीने हाताची मागची बाजू लावली. त्यांच्या तोंडून जो शब्द निघाला तो हेडक्लार्कच्या तोंडून निघू नये असा होता. पाठोपाठ खाड असा आवाज झाला आणि सबंध गल्लीचे पंखे थांबले.

मे महिन्याची दुपार. सोळा घरांतले पुरुष बनियनवर बाहेर आले. कोणी म्हणाले अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी घाला. कोणी म्हणाले रबरी चपला घालून बासुंदी करा. समोरच्या शोभाताई तांब्या घेऊनच आल्या. "परक्या देशातली वस्तू आहे, पहिले गंगाजल शिंपडा," असे म्हणून त्या शिंपडणारच होत्या, पण मधुकरराव असे काही ओरडले की त्यांच्या हातून तांब्याच सुटला.

वायरमन आला, गल्लीची वीज जोडली आणि माझ्या हातात एक कागद देऊन गेला : विजेच्या कार्यालयात हजर व्हा. मी कागद दोनदा वाचला आणि हजर झालो.

"यंत्र घरातलं का गाडीतलं?" तिथल्या बाबूने विचारले.

"गाडीतलं जी."

"मग इथं काहून आले? मोटारींच्या कार्यालयात जा."

मोटारींच्या कार्यालयात दुसरा बाबू. "गाडीत यंत्र बसवलं काय?"

"बसवायचं आहे."

"मग बसवल्यावर या. दंड करतो."

"आणि आधी परवानगी मागितली तर?"

त्याने माझ्याकडे दयेने पाहिले. "न बसवलेल्या यंत्राचा अर्ज कोणत्या रकान्यात घेऊ, तुम्हीच सांगा."

 मी पुन्हा विजेच्या कार्यालयात. तिथल्या अर्जात तीन रकाने : घरगुती, शेती, कारखाना. बासुंदी कशात बसते ते ठरेना, म्हणून बाबू म्हणाला, सगळी हकिगत सांगा. मी लग्नातल्या बर्फापासून सांगितली. सांगता सांगता त्याने टाक खाली ठेवला. त्याच्या चेहऱ्यावर ओळख पटल्याचा आनंद पसरला.

"म्हणजे सावनेरच्या रामाजींचे ते पाणीवाले तुम्हीच काय? आमची मावशी होती त्या लग्नाले!"

त्याने शेजारच्या टेबलावरच्या दोघांना बोलावून मला दाखवले. माझी कीर्ती सरकारदरबारी पोचली होती. अर्ज मात्र कोणत्याच रकान्यात गेला नाही. मी तसाच उठलो.

आता पेटी चालणे ही हौस राहिली नव्हती. मी ती उचलून जरीपटका वस्तीतल्या शालिकराम मिस्त्रीकडे नेली. शालिकराम कमी बोलतो. त्याने आधी मधुकररावांचा ट्रान्सफॉर्मर हुंगून पाहिला आणि रस्त्यापलीकडे फेकला. "धक्का यानं देल्ला," तो म्हणाला. मग पेटीचा तळ उघडला. आतली एक तार सोलून पत्र्याला टेकली होती. तिला पट्टी गुंडाळली. दुकानातली बॅटरी जोडून आत वाटीभर पाणी ठेवले. तासाभराने मी ते पाणी प्यायलो. बाहेर रस्त्याचे डांबर चपलेला चिकटत होते आणि माझ्या घशातून गारवा उतरत होता. माझ्या डोळ्यांत पाणी आले. ते शालिकरामने पाहिले, पण तो कमी बोलतो.

राहिले फक्त पेटी गाडीत जोडणे. माझी गाडी जुनी, विलायती बनावटीची. तिच्यात एक खोड आहे. आताच्या गाड्यांत बॅटरीची काळी बाजू गाडीच्या लोखंडाला, म्हणजे बॉडीला जोडतात. माझ्या गाडीत लाल बाजू बॉडीला असते. अठरा वर्षे मी स्वतः पाने घेऊन तिची बॅटरी काढतो-बसवतो. हे माझ्या बोटांना झोपेतही ठाऊक आहे. मी म्हणालोही, "शालिकराम, आपल्या गाडीत उलटं असते गा."

शालिकराम बॉनेट उघडायला वळला. तेवढ्यात सोबत आलेल्या मधुकररावांनी खिशातून एक पुठ्ठा काढला. ग्रंथालयात जाऊन, मोटारीवरचे पुस्तक काढून, त्यांनी नियम उतरवून आणला होता. टपोऱ्या, गोल अक्षरांत, शेवटी पूर्णविरामाचा उभा दंड देऊन :

'लाल तार बॅटरीला. काळी तार बॉडीला।'

त्यांनी तो डिंकाने पेटीवर चिकटवला. मी तो वाचला. पुन्हा वाचला. माझे हात एक सांगत होते आणि पुठ्ठा दुसरेच. इतके सुंदर अक्षर खोटे कसे असेल?

"लिहिलं आहे तर मग तसंच असंल," मी म्हणालो.

"गाडी तुमची, नत्थूभाऊ," शालिकराम म्हणाला आणि त्याने तशाच तारा जोडल्या. पंखा गरगरला, लाल दिवा लागला. सगळे ठीक दिसत होते. मधुकररावांनी दुसरा पुठ्ठा लावला : 'झाकण उघडू नये।' गारवा निघून जातो म्हणे. मी वरून काथ्याची दोरीही बांधली.

निघायच्या दिवशी कौशल्येने पहाटेच बासुंदी आटवली, माठाच्या ओल्या वाळूत ठेवून निवू दिली आणि पितळी डब्यात भरून पेटीत ठेवली. दोरी बांधली. पेटी मागच्या सीटवर मधोमध. एका बाजूला कौशल्या, मांडीवर अनारशांची परडी, आणि दुसऱ्या बाजूला मधुकरराव. त्यांना कोणी बोलावले नव्हते. "यंत्राची जबाबदारी माझी आहे," असे म्हणून ते आधीच येऊन बसले होते.

पाटणसावंगीच्या अलीकडे रेल्वेचे फाटक लागले. मी इंजिन बंद केले. आगगाडी यायला पाऊण तास लागला, आणि तेवढ्या वेळात पेटीने माझी बॅटरी पिऊन टाकली. फाटक उघडले तेव्हा माझी मोटार खोकलीसुद्धा नाही. मागे कापसाच्या गाठींचा ट्रक होता. त्यावरचे हमाल ढकलायला उतरले.

"काय हाय गा पेटीत?"

"थंड बासुंदी."

ते चौघे पेटीकडे बघत राहिले. एकजण म्हणाला, "बोटभर चाखू तं द्या." मी मधुकररावांच्या पुठ्ठ्याकडे बोट दाखवले. त्यांनी ढकलले खरे, पण मन लावून नाही. गाडी तिसऱ्या खेपेला सुरू झाली.

पुढे कोसभर गेल्यावर कौशल्या म्हणाली, "आवो, विलायचीचा वास येऊन राहिला."

"वेलची उत्तम आहे, वहिनी," मधुकरराव म्हणाले.

"थंड बासुंदीचा इतका वास येते काय?"

"शीतपेटीत सुगंध कोंडून राहतो."

"कोंडून राहते तं मले कसा येऊन राहिला?"

 मी आरशात पाहिले. मधुकरराव पेटीपासून बोटाबोटाने सरकत पार दाराला चिकटले होते आणि मांडी चोळत होते.

"काय झालं?"

"काही नाही. उन्हाची बाजू आहे ही."

ऊन दुसऱ्या बाजूला होते. पण मी गाडी थांबवली नाही. पुठ्ठ्यावर लिहिले होते ना, उघडू नये.

रामाजींनी अर्धी वस्ती जमवली होती. ओसरीवर ओळीने माणसे बसलेली, प्रत्येकासमोर स्टीलची वाटी. माझे पोस्टकार्ड हातोहात फिरत होते. रामाजी खुर्चीत, काठीवर हनुवटी टेकून. "या इवाई. बर्फ आणला म्हणे यंदा." ओळीतून हसू फिरले. दाराशी देवकी उभी होती, पदराचे टोक बोटाला गुंडाळत. ती माझ्याकडे पाहत नव्हती. पेटीकडे पाहत होती.

जावई खाणीवरच होते, म्हणून विहीण इंदूबाईंनी अनारसे मोजून घेतले. तेहतीस भरले. मग मी दोरी सोडली. मधुकरराव शीतकरणावर दोन शब्द बोलणार होते. मी त्यांना हाताने गप्प केले आणि झाकण उघडले.

भट्टीचे तोंड उघडावे तशी गरम वाफ माझ्या तोंडावर आली.

मला वाटले बाहेरचे ऊन असेल. कौशल्येने डबा धरला आणि "आई वं!" म्हणून बोटे तोंडात घातली. डब्याचे झाकण उघडले तेव्हा बासुंदीवर जाड साय धरली होती आणि सायीखालून वाफा येत होत्या.  मग मागून कोणीतरी म्हणाले, "उकळूनच आणली का जी?" आणि हसू सुरू झाले.

मी फक्त देवकीकडे पाहिले. तिने डोळे मिटून घेतले होते. ब्रेकवर पाय मारावा आणि तो सरळ खाली जावा, तसे मला झाले. लग्नात निदान थंड पाणी आणले होते. आता गरम आणले. आता तिला आयुष्यभर काय म्हणतील?

रामाजी उठले. हसू थांबले, यंदा ते काय पिळतात हे सगळ्यांना पाहायचे होते. त्यांनी स्वतः वाटी भरली, एक घोट घेतला आणि तो तोंडात बराच वेळ, या गालातून त्या गालात, फिरवला. गिळला. दुसरा घेतला. त्यांचे डोळे बारीक झाले. वाटी संपली. ती त्यांनी देवकीपुढे धरली.

"घाल आणखी."

"रामाजी, थंड येणार होती ना?" ओळीतला एकजण म्हणाला.

रामाजींनी त्याच्याकडे असे पाहिले की तो वाटीमागे लपला. "धोंड्याच्या वाणाची बासुंदी कोणी थंड पेते काय? गरमच असते. आपल्या घरची रीत आहे."

"कधीपासून?" इंदूबाईंनी विचारले. तीस वर्षे त्या घरात त्या नांदत होत्या.

"जुनी आहे. तुले माहीत नाही."

मग कोणाची टाप होती? सगळ्यांनी घाम पुसत पुसत गरम बासुंदी प्यायली आणि रीत पाळली. रामाजी तीन वाट्या प्यायले.

मी पाणी प्यायच्या निमित्ताने स्वयंपाकघरात गेलो. देवकी तिथे तोंडाला पदर लावून हसत होती. दोन वर्षांनी मी तिला हसताना पाहिले.

"बाबा," ती हळूच म्हणाली, "मामंजीच्या दाढा सडल्या आहेत. थंड लागलं का डोळ्यातून पाणी येते. कोणाले सांगत नाहीत. कोणी सुपारी देल्ली तं खिशात टाकतात."

मी पाट्यावरच बसलो. "मग लग्नातलं शरबत?"

"आलं असतं तरी पेले नसते. अन् दोनशे माणसायसमोर नाही म्हणावं लागलं असतं. तुमचा बर्फ वितळला म्हणून वाचले ते."

मला बसलेला हा सर्वांत मोठा धक्का. ज्या बर्फाने या माणसाची अब्रू राखली, त्याच बर्फावरून त्याने दोन वर्षे माझ्या पोरीला बोलावे!

"तू मले सांगतलं काहून नाही?"

"त्यायच्या घरचं गुपित आहे बाबा. कसं सांगू?"

 असे उत्तर देणारी पोर पाणीवाल्याची असली तरी चालेल, असे मला वाटले.

परतताना मधुकरराव खिडकीबाहेर, कामठीच्या दिशेला तोंड करून बसले होते. नागपूर आल्यावर म्हणाले, "माझ्या मते पुठ्ठा बरोबर आहे. गाडी चूक आहे." दुसऱ्या दिवशी शालिकरामने बॉनेट उघडले, पाहिले आणि दोन तारांची अदलाबदल केली. तारा उलट्या लागल्या की ही पेटी गार करायची ती गरम करते, एवढीच भानगड होती. "तुमी सांगत होते," तो म्हणाला. मी घरी पेटीतले गार पाणी प्यायलो आणि आता पुढच्या सणाला खरी थंड बासुंदी नेऊ, असे मनात धरले.

आठवड्याने पोस्टकार्ड आले. रामाजींचे. 'पेटी विश्वनाथजवळ धाडावी. तो खाणीतली जुनी बॅटरी आणणार आहे. हिवाळ्यात दुधाला बरी. होती तशीच धाडावी, कोणी हात लावू नये.' खाली कोपऱ्यात उरलेल्या जागेत देवकीने बारीक अक्षरात एक ओळ घातली होती : 'मामंजी आता दूधवाल्याची पोर म्हणतात.'

ती ओळ मी ऊन उतरेपर्यंत वाचत बसलो. मग पाने घेतले, पेटी उलटी केली आणि आतल्या तारा स्वतः बदलल्या : लालच्या जागी काळी, काळीच्या जागी लाल. म्हणजे विश्वनाथने अगदी नियमाने जोडली तरी ती गरमच करावी. मधुकररावांचे दोन्ही पुठ्ठे ओले करून काढले, आणि त्याजागी माझा लावला. अक्षर त्यांच्याइतके गोल नाही. ओळ थोडी चढावर गेली.

'ही पेटी गरम करते. ही चूक नाही. कोणी दुरुस्त करू नये।'

मधुकरराव संध्याकाळी आले, चष्मा लावून वाचू लागले. "हे कोणत्या पुस्तकातून घेतलं?"

"पुस्तकातून नाही," मी म्हणालो आणि काळे झालेले दोन्ही हात त्यांच्यापुढे धरले.

त्यांनी हात पाहिले, पुन्हा पुठ्ठा वाचला, आणि खिशातून पेन काढून, मला विचारून, माझ्या ओळीशेवटचा उभा दंड तेवढा थोडा सरळ केला.